मागवणे आणि सोपवणे : कोशातील नोंदीच्या रूपांतराविषयी

शब्दकोशातील नोंद एकदाच लिहावी आणि तीच छापील ग्रंथात, पडद्यावर आणि शाळेच्या छोट्या पुस्तिकेत वेगवेगळ्या रूपांत दिसावी, ही अपेक्षा आता नवी राहिलेली नाही. सुरतेच्या नर्मदाचा 'नर्मकोश' १८७३ साली पूर्ण छापून निघाला तो एकाच रूपात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८३१ची आवृत्ती सुधारून १८५७ साली पुन्हा काढली, तेव्हा जुळाऱ्यांना सारा मजकूर नव्याने खिळ्यांत बसवावा लागला. आज मजकूर एक्सएमएल पद्धतीने खुणा करून एका ठिकाणी ठेवता येतो आणि त्याचे हवे ते रूप घडवण्याचे काम एक्सएसएलटी या रूपांतर-भाषेत लिहिलेल्या शैलीपत्रकावर सोपवता येते. एक्सएमएलची पहिली शिफारस १९९८ची, एक्सएसएलटीची १९९९ची. संगणकाच्या हिशेबाने ही दोन्ही म्हातारी साधने आहेत. पण कोशकार्याला म्हातारे साधनच बरे, कारण कोश पूर्ण होईपर्यंत ते टिकेल याची थोडीतरी खात्री असते.

शैलीपत्रक लिहिण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांपैकी चांगली कोणती, यावर ते लिहिणाऱ्यांत एक्सएसएलटीच्या जन्मापासून वाद आहे. बाहेरून तो केवळ तंत्राचा वाटतो. साहित्याच्या अध्यापिकेने त्यात पडण्याचे कारण असे की, या वादाच्या निकालावर कोणता शब्द छापला जाईल आणि कोणता गुपचूप गळून पडेल, हे ठरते.

माझ्यासमोरचा मजकूर सांगते. उधना–जळगाव रेल्वेमार्गाने नंदुरबार, धुळे, जळगावकडची कुटुंबे सुरतेला आली आणि लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत स्थिरावली. घरात अहिराणी, मागावर हिंदी, बाजारात गुजराती आणि मुलांच्या पाठ्यपुस्तकात, महापालिकेच्या मराठी शाळेत गेली असतील तर, प्रमाण मराठी, अशी त्यांची भाषिक रहाटी. यातून जो शब्दसाठा तयार झाला आहे, तो कोणत्याही छापील कोशात एकत्र सापडत नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. यंत्रमागावरची ही सुरती मराठी बहुतांशी त्यानंतर घडली. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी हे शब्द आपल्याच घरांतून, आजी-आजोबांकडून टिपून आणतात. सांगणारी पिढी थकत चालली आहे. तिसऱ्या पिढीतली पुष्कळ मुले गुजराती माध्यमात शिकतात. त्यामुळे आज टिपलेली नोंद ही अनेकदा त्या शब्दाची एकमेव नोंद असते.

अशी एक नोंद पाहू. एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीत ठेवता येतात, ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ अभ्यासकांना ठाऊक नसते, म्हणून ती मुद्दाम तशीच देते.

<नोंद>
<शब्द>ताका</शब्द>
<व्याकरण>पुं.</व्याकरण>
<अर्थ>मागावरून उतरलेला कापडाचा अखंड गुंडाळा. पाहा <दुवा>तागा</दुवा>.</अर्थ>
<उदाहरण>आज चार ताके उतरले.</उदाहरण>
<आठवण>गावाला हा शब्द नव्हता. खात्यात लागल्यावर तोंडी बसला.</आठवण>
</नोंद>

'खाते' म्हणजे सुरतेच्या बोलीत यंत्रमागांचा कारखाना. शेवटच्या ओळीतला 'आठवण' हा घटक आमच्या मूळ आराखड्यात नव्हता. एका विद्यार्थिनीने आजीचे म्हणणे टाकून देववेना म्हणून तो स्वतः घातला. गुजरातीतील 'ताको' आणि मराठीतील 'तागा' यांच्यामध्ये उभा असलेला हा शब्द सांगणारीने कोठे उचलला, याचा पुरावा या एका ओळीत आहे. कोशकाराच्या दृष्टीने नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग तोच.

आता पहिली रीत. शैलीपत्रक लिहिणारा प्रत्येक नोंदीपाशी जातो आणि नाव घेऊन एकेक वस्तू मागतो : शब्द दे, तो ठळक छापतो, व्याकरण दे, ते तिरपे छापतो, अर्थ दे, उदाहरण दे. एक्सएसएलटीत यासाठी 'फॉर-ईच' आणि 'व्हॅल्यू-ऑफ' या आज्ञा वापरतात. या व्यवसायातले लोक तिला 'पुल' म्हणतात. मी वर्गात 'मागवणे' म्हणते. दुसऱ्या रीतीत शैलीपत्रक म्हणजे सुट्या नियमांचा संच असतो : 'शब्द' भेटला तर असे करावे, 'दुवा' भेटला तर तसे करावे. नोंदीचा नियम एवढेच म्हणतो की, माझ्या आत जे काही आहे ते ज्याच्या-त्याच्या नियमाकडे जाऊ दे. ही आज्ञा 'अप्लाय-टेम्प्लेट्स'. तिला 'पुश' म्हणतात. मी 'सोपवणे' म्हणते. (टेम्प्लेटला मराठीत 'साचा' म्हणावे असे पूर्वी वाटे. पण मागावर काम करणाऱ्या घरांतल्या मुलांना साचा म्हटले की यंत्रमागच आठवतो, म्हणून 'नियम' हाच शब्द ठेवला.)

दोन्ही रीतींनी लिहिलेली पत्रके याच नोंदीवर चालवून पाहावीत. मागवणाऱ्या पत्रकातून स्वच्छ, नेटकी नोंद बाहेर येते आणि तिच्यात 'आठवण' नसते. ती कोणी मागितलीच नव्हती. चूक झाल्याचा संदेश नाही, इशारा नाही. सोपवणाऱ्या पत्रकातही 'आठवण'साठी नियम लिहिलेला नाही. परंतु एक्सएसएलटीत एक अंगभूत नियम आहे : ज्या घटकासाठी कोणताच नियम सापडत नाही, त्याच्या आत उतरावे आणि तेथील मजकूर जसाच्या तसा बाहेर ठेवावा. त्यामुळे आजीचे वाक्य उदाहरणाला चिकटून, ओबडधोबड का होईना, कागदावर येते. मुद्रितशोधकाच्या डोळ्याला ते खुपते, आणि खुपले की त्याची दखल घेतली जाते. जुना जुळारीही असाच वागे. हस्तलिखितात अनपेक्षित काही आढळले तर तो ते जुळवून ठेवी किंवा संपादकाला विचारी. छापायला सांगितले नव्हते म्हणून परस्पर फेकून देत नसे.

अर्थाच्या ओळीतही हाच फरक दिसतो. तिथे मजकुराच्या मधोमध 'दुवा' आहे. व्हॅल्यू-ऑफने अर्थ मागवला की अक्षरे सगळी येतात, पण 'तागा' हा दुवा होता ही माहिती विरते. सोपवले तर मजकूर आपल्या क्रमाने चालतो आणि वाटेत 'दुवा' आला की त्याचा नियम जागा होतो. साहित्याच्या मजकुरात असे मिसळलेले घटक पावलोपावली असतात : ओवीच्या चरणात पाठभेद, वाक्यात उद्धरण, उद्धरणात परभाषेतला शब्द. त्यांचा क्रम लेखकाचा असतो. मागवणारी रीत तो क्रम मोडून स्वतःचा लावते.

याहून घातक एक जागा आहे. एक्सएसएलटीच्या पहिल्या आवृत्तीत व्हॅल्यू-ऑफने एकाच नावाचे अनेक घटक मागितले तर फक्त पहिला मिळतो. 'खाते' याच शब्दाची नोंद घ्या. पहिला अर्थ हिशेबाचा, जो कोणत्याही कोशात आहे. दुसरा यंत्रमागांच्या कारखान्याचा, ज्यासाठी ही सारी खटपट चालली आहे. छापून येतो तो पहिला! २००७च्या दुसऱ्या आवृत्तीत हे बदलले आणि सगळे अर्थ मध्ये मोकळी जागा सोडून मिळू लागले, पण अनेक ठिकाणी अजून पहिल्या आवृत्तीचीच साधने वापरात आहेत. आपले साधन कोणत्या आवृत्तीचे आहे, हे कोशसंपादकाने पहिल्या दिवशी विचारून घ्यावे.

दुसरी बाजू दुबळी नाही. माझा एक माजी विद्यार्थी कापड-बाजारातल्या व्यापाऱ्यांसाठी बिलांच्या प्रणाली लिहितो. त्याचा मागवण्याच्या रीतीवर ठाम विश्वास आहे आणि त्याचे कारण बिनतोड आहे. बिलावर काय छापायचे हे कायद्याने आणि व्यवहाराने ठरलेले असते. आतल्या नोंदीत व्यापाऱ्याने स्वतःसाठी घातलेला एखादा शेरा, खरेदीचा भाव किंवा दलालाचे नाव अंगभूत नियमाच्या औदार्याने ग्राहकाच्या बिलावर उमटले तर अनर्थ होईल. न मागितलेले बाहेर येऊ नये, हीच तिथली शिस्त. त्याचा दुसरा आक्षेप वाचनीयतेचा. मागवणारे पत्रक वरून खाली वाचता येते. छापील पानाचा आकार त्यात दिसतो. सोपवणाऱ्या पत्रकात नियम विखुरलेले असतात. एकाच घटकाला दोन नियम लागू पडत असतील तर अधिक नेमका तो जिंकतो. दोन्ही सारखेच नेमके असतील तर साधन चूक दाखवते किंवा शेवटी लिहिलेला नियम घेते. नवख्याला हा कारभार कळायला वेळ लागतो. "मॅडम, तुम्ही निवृत्त झाल्यावर हे पत्रक कोण सांभाळणार?" हा त्याचा प्रश्न मला आजही अवघड वाटतो.

तरीही माझा कौल सोपवण्याला आहे. बिल आणि कोश यांतला फरकच त्याचे उत्तर आहे. बिलाचा नमुना आधी ठरतो आणि माहिती त्यात भरली जाते. बोलीच्या कोशात माहिती आधी येते आणि नमुना तिच्यामागे धावतो. चौथ्या वहीत असे काही सापडते, ज्याची पहिल्या तीन वह्यांत कल्पनाही नव्हती. टीईआय म्हणजे टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह. १९८७ साली सुरू झालेल्या या उपक्रमाने कोशांसाठी जे संकेत ठरवले, त्यांतही बांधीव नोंदीबरोबर 'एन्ट्रीफ्री' नावाची मोकळी नोंद ठेवली आहे. आराखड्यात न मावणाऱ्या नोंदी असतातच, हे त्यांनी गृहीत धरले. मजकुराला अशी मोकळीक द्यायची आणि रूपांतर करताना ठरावीक पाच घटकच मागायचे, यात विसंगती आहे. वाचनीयतेच्या आक्षेपावर उपाय सोपा आहे. नियम नोंदीतल्या घटकांच्या क्रमाने लिहावेत, प्रत्येकाच्या डोक्यावर मराठीत एका ओळीची टीप असावी.

सोपवण्याचे नाव घेऊन मागवणारेही पुष्कळ असतात. अप्लाय-टेम्प्लेट्सला 'फक्त शब्द, अर्थ आणि उदाहरण सोपव' अशी यादी दिली की आज्ञा बदलली, वृत्ती तीच राहिली. यादी न देता सर्व आतला मजकूर सोपवावा, हे महत्त्वाचे. मग शालेय पुस्तिकेत 'आठवण' नको असेल तर काय करावे? एक्सएसएलटीत 'मोड' नावाची सोय आहे. एकाच घटकासाठी ग्रंथाचा वेगळा, पडद्याचा वेगळा आणि शाळेचा वेगळा नियम लिहिता येतो. शाळेच्या मोडमध्ये 'आठवण'चा नियम लिहावा आणि तो रिकामा ठेवावा. परिणाम मागवण्याच्या रीतीसारखाच. पण वगळण्याचा निर्णय पत्रकात लिहिलेला राहतो. उद्या कोणी ते उघडले तर काय वगळले हे त्याला दिसेल आणि का वगळले हे तो विचारू शकेल.

माजी विद्यार्थ्याशी झालेल्या वादातून एक मधली वाट निघाली, तिचे श्रेय त्याचे. अंगभूत नियमावर विसंबून राहू नये. 'कोणताही घटक' असा सर्वांत कमी नेमका नियम आपणच लिहावा आणि त्याने अनोळखी घटकाचे नाव व मजकूर लाल रंगात छापावा. कच्च्या प्रतीत जेवढे लाल, तेवढे निर्णय बाकी. २०१७च्या तिसऱ्या आवृत्तीत तर मोडवरच असे बजावता येते की, नियम नसलेला घटक भेटल्यास काम तिथेच थांबव. कच्च्या प्रतीला लाल रंग आणि अंतिम प्रतीला थांबा, ही जोडी आम्हाला मानवली. त्याच्या जोडीला एक गावठी परीक्षाही ठेवली आहे : मूळ फाइलमध्ये 'शब्द' किती आणि छापील रूपात ठळक शब्द किती, हे दर वेळी मोजायचे. 'अर्थ' आणि 'उदाहरण' यांचेही तसेच.

टॅगची नावे दिसण्यावरून न देता आशयावरून द्यावीत, हा मुद्दा आता सर्वमान्य आहे. त्यावर शब्द खर्च करत नाही. मोल्सवर्थने शब्दाचे मूळ संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्तानी हे दाखवण्यासाठी एकेका अक्षराची खूण वापरली. त्या अक्षराला 'तिरपे' म्हणावे की 'मूळ', हे विचारले की मुद्दा पटतो. देवनागरी टॅग की टीईआयचे इंग्रजी टॅग, हा वाद मात्र उगाच पेटतो. विद्यार्थी देवनागरीत बिनचूक लिहितात म्हणून आत देवनागरी ठेवावी. बाहेर द्यायचे तेव्हा बाकी सारे जसेच्या तसे ठेवून केवळ नावे बदलणारे छोटे पत्रक पुरते.

अकारविल्हे मांडणीकडे मात्र फार दुर्लक्ष होते. एक्सएसएलटीत क्रम लावायला 'सॉर्ट' आहे. तिला भाषा सांगितली नाही तर बरीच साधने युनिकोडमधील अक्षरांच्या क्रमांकांनुसार क्रम लावतात. त्या क्रमात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. 'ॲ' तर आणखी विचित्र जागी जातो : युनिकोडमध्ये तो २००८ साली उशिरा दाखल झाल्यामुळे त्याचा क्रमांक सर्व व्यंजनांच्याही पुढचा आहे, म्हणून 'ॲल्युमिनियम' हा 'हौद'नंतर सापडतो. शाळेतले मूल तिथे कशाला जाईल? सॉर्टला मराठी भाषेचा वर्णक्रम स्पष्टपणे द्यावा आणि साधन तो खरोखर पाळते का, हे 'डाळ', 'डाव', 'डास' अशा चार शब्दांवर तपासावे. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा 'डोया' आणि काळ्याचा 'काया' होतो, त्यामुळे आमच्या मुख्य शब्दांत 'ळ' तुरळक. पण 'पाहा : डोळा' असे दुवे प्रमाण रूपाकडे जातात आणि तिथे तो पुन्हा भेटतोच.

'ऱ्हायना'सारख्या अहिराणी रूपातला अर्धा 'ऱ' हा दुसरा चकवा. तो दोन तऱ्हांनी टंकित होतो : नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे. शैलीपत्रकाला ते दोन वेगळे शब्द. गट करताना एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात आणि दुवे तुटतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या दोहोंना एक करत नाही. म्हणून रूपांतराच्या आधी एक स्वतंत्र पायरी ठेवून सर्वत्र एकच तऱ्हा करून घ्यावी लागते. ही पायरी मुख्य पत्रकात मिसळू नये. एका पत्रकाने एकच काम करावे आणि पुढच्याच्या हाती द्यावे.

राहिला लिपीचा प्रश्न. गुजराती माध्यमातल्या नातवंडांना आजीचे शब्द वाचता यावेत, म्हणून गुजराती लिपीतली आवृत्ती काढायचे ठरले आहे. येथे युनिकोडची रचना मदतीला येते : देवनागरी आणि गुजराती यांचे तक्ते समांतर आहेत आणि बहुतेक अक्षरांच्या क्रमांकांत ३८४चा नेमका फरक आहे. त्यामुळे एक्सएसएलटीतल्या 'ट्रान्सलेट' या साध्या क्रियेने अक्षरास अक्षर बदलता येते. 'ळ'ला जोडीदार आहे. 'ॲ'ला समोर जागा नाही, पण गुजरातीत त्याच उच्चाराचे अक्षर दुसऱ्या जागी आहे, ते नाव घेऊन जोडावे लागते. 'ऱ'ला गुजराती तक्त्यात अक्षरच नाही. ती जागा रिकामी आहे. साधा 'र' लिहिला तर अर्धा 'ऱ' रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि 'ऱ्हायना'चा उच्चार बिघडतो. तूर्त तिथे 'ऱ्हा'ऐवजी 'रहा' असे फोडून लिहिणारा नियम केला आहे, आणि त्या नियमातून जाणारी प्रत्येक नोंद कच्च्या प्रतीत लाल छापली जाते.